कानांचे कुंपण

हेडफोन कोणता घ्यावा, हा प्रश्न वैचारिक निबंधाचा विषय होऊ शकतो असे कुणी म्हटले, तर आमच्या पिढीतील वाचक स्मित करतील. पांढुर्ण्याच्या वा सौंसरच्या बाजारातील कोणताही मोबाइलवाला त्याचे उत्तर दोन मिनिटांत देतो. किती रुपयांपर्यंत हवा, तारेचा की बिनतारेचा, एवढे दोन प्रश्न तो विचारतो आणि डबी पुढे सरकवतो. बॅटरी किती तास चालते, वजन किती हलके आहे, घामाने बिघडतो की नाही, हे तो न विचारताच सांगतो. एक गोष्ट मात्र तो विचारीत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ती सुचत नाही. हे यंत्र लावल्यावर तुमचा कान भोवतालच्या जगाला किती उघडा राहणार आहे, आणि किती उघडा राहावा अशी तुमची इच्छा आहे? आमच्या मते खरी निवड तेथे आहे. बाकीचा सारा तपशील.

आधी वस्तू समजून घेऊ. चालताफिरता ऐकण्याची जी साधने आज मिळतात त्यांचे भेद, कानाशी त्यांचे नाते कसे आहे यावरून करणे सोपे जाते. काही साधने कानाच्या तोंडाशी नुसती टेकतात. बाहेरचा आवाज बाजूने आत येतच राहतो. काहींना मऊ रबरासारखे बोंड असते, ते कानाच्या पोकळीत रुतून बसते व बुचाचे काम करते. काही मोठी असून सबंध कान झाकतात. आपल्याकडच्या वैशाखात ती अर्धा तासही सोसवत नाहीत. अलीकडे कानापुढच्या हाडावर बसणारीही आली आहेत. ती हाडांतून कंप पोहोचवतात आणि कानाचे भोक मोकळे ठेवतात. या सर्वांहून निराळा प्रकार म्हणजे गोंगाट मारणारा हेडफोन. त्यातील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या नेमक्या उलट लहरी निर्माण करून कानात सोडते. खड्ड्यावर तेवढाच उंचवटा पालथा घालावा, तशा दोन्ही लहरी एकमेकींना गिळून टाकतात. एकसुरी, खर्जातली घरघर यात चांगली विरते. अचानक उठलेला आवाज किंवा माणसाचे बोलणे तितके विरत नाही. बंगाली पित्याचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानात सुचली. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असे साधन आणले आणि २००० साली ते सामान्य प्रवाशांच्या कानांपर्यंत पोहोचले. आज बाराशे-पंधराशे रुपयांच्या डबीवरही त्याचे नाव छापलेले आढळते. आत ते किती असते, हा भाग निराळा.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. भेद साधा आहे, पण त्यातून बरेच निघते. आमच्या नैयायिकांनी तर श्रोत्रेंद्रियाचा विचार इतर इंद्रियांपासून वेगळा काढून केला. त्यांच्या मते घ्राणेंद्रिय पृथ्वीचे, रसना जलाची, चक्षू तेजाचे आणि त्वचा वायूची बनलेली आहे. कान मात्र आकाशाचा बनलेला नसून तो आकाशच आहे, कर्णविवराने वेढलेले आकाश. शब्द हा त्या आकाशाचा गुण. तो उगमापासून कानापर्यंत कसा येतो, यासाठी त्यांनी दोन सुंदर दृष्टान्त दिले. पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठत जावी तसा, किंवा कदंबाच्या कळीला एकाच वेळी सर्व अंगांनी केसर फुटावेत तसा. आजचे पदार्थविज्ञान आकाश नावाचे द्रव्य मानीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तो वाद येथे नको. आम्हाला त्या मांडणीतील एक निष्कर्ष मोलाचा वाटतो. आकाश जर एकच आणि सर्वव्यापी असेल, तर आमचा कान आणि शेजाऱ्याचा कान ही एकाच जागेत घातलेली दोन कुंपणे ठरतात. श्रवण ही मुळात सामाईक जागेत घडणारी गोष्ट आहे. शासकीय सेवेत असताना धुऱ्यावरून आणि पांदण रस्त्यावरून झालेली भांडणे आम्ही पुष्कळ पाहिली. सामाईक जागा ही सर्वांची असते, म्हणूनच तिच्याविषयी सर्वांची कर्तव्येही असतात, एवढी गोष्ट त्या भांडणांत दोन्ही पक्ष विसरलेले असत.

सामाईक जागेतील पहिले कर्तव्य उघड आहे. आपला आवाज दुसऱ्याच्या कानात कोंबू नये. या बाबतीत आपला समाज किती बेफिकीर आहे हे सांगण्यासाठी लांब जायला नको. सौंसरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या बसमध्ये तासभर बसावे. एकाच्या मोबाइलवर भजन, दुसऱ्याच्यावर भाषण, तिसऱ्याच्यावर हास्याचे कृत्रिम गडगडाट, आणि तिघांनाही एकमेकांचे काही वाटत नाही. कायदे आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई केली. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने गाणी लावण्यास व मोठ्याने बोलण्यास बंदी केली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने आपल्या बसगाड्यांत इअरफोनशिवाय ऐकण्या-पाहण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मध्यप्रदेश शासनाने ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणले. असा आदेश काढावा लागतो यातच सर्व काही आले. या बाजूने पाहता हेडफोन हे सौजन्याचे साधन आहे, आणि त्याची कुचेष्टा करणाऱ्या आमच्या समवयस्कांशी आम्ही मुळीच सहमत नाही. ज्याने हेडफोन लावला त्याने निदान सहप्रवाशाचा विचार केला.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. आवाज लादू नये हे खरे. परंतु माणसाने हाकेच्या टप्प्यात असावे, हेही एक कर्तव्य आहे की नाही? या दुसऱ्या कर्तव्याची जाणीव, आश्चर्याची गोष्ट म्हणजे, हे युग ज्यांनी सुरू केले त्यांना पहिल्या दिवसापासून होती. १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. त्या पहिल्या यंत्राला हेडफोनसाठी एक नव्हे, दोन खाचा होत्या. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी लिहून ठेवले आहे की, नमुन्याचे यंत्र घरी वापरताना आपण आपल्यापासून तोडल्या गेल्याची तक्रार त्यांच्या पत्नीने केली. एकट्यानेच ऐकत बसणे त्यांना असभ्य वाटले, म्हणून दोघांना मिळून ऐकता येईल अशी सोय त्यांनी करविली. शिवाय वर एक नारिंगी बटण होते. (संत्र्यांच्या आमच्या मुलखाला हा रंग आवडावा.) ते दाबले की गाणे मंद होई आणि आतल्या मायक्रोफोनमधून समोरच्याचे बोलणे ऐकू येई. पुढे कंपनीच्या ध्यानात आले की लोकांना हे यंत्र सामाईक नको होते. प्रत्येकाला ते स्वतःचे, एकट्याचे हवे होते. नंतरच्या यंत्रांतून ते बटण गेले. चाळीस वर्षांनी महागड्या हेडफोनमध्ये बाहेरचे ऐकू देणारी सोय नव्याने आली आणि तिची जाहिरात मोठा शोध लागल्यासारखी केली जाते, याची मौज वाटते. लोभाने सगळे बिघडवले असे म्हणण्याची सोय या हकिकतीत नाही. बनविणाऱ्याने दार ठेवले होते; वापरणाऱ्यांनी त्याचा वापरच केला नाही.

वापरणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी मात्र त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. एकांताची गरज ही चैन आहे, असे ज्याला ओसरी, अंगण आणि वेगळी खोली लाभली तोच म्हणू शकतो. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, टीव्ही चालू आहे, पाहुणे आले आहेत, आणि बारावीतल्या मुलीला अभ्यास करायचा आहे. तिने कानात बोंडे घातली तर ती कुणाचा अपमान करीत नाही. रोज पहाटेच्या गाडीने नागपूरला नोकरीसाठी जाणारी तरुण मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, कधी कधी गाणं चालूही नसतं, पण तार कानात असली की कोणी उगाच बोलायला येत नाही." हे ऐकून आम्ही गप्प झालो. पुरुषांना पार होता, चावडी होती, देवळाचा ओटा होता. आणि नकोसे झाले तर शेताकडे निघून जाण्याची मुभाही होती. बाईमाणसाला ती कधी नव्हती. तिच्या कानातली ती मुकी तार म्हणजे शे-दोनशे रुपयांत विकत घेतलेली ओसरी होय. हाकेच्या टप्प्यात असण्याचे कर्तव्य सांगताना, कोण कुणाला हाक मारीत आहे आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तेव्हा कान बंद करणे वाईट, असा सरसकट निर्णय आम्ही देणार नाही. योगशास्त्रात इंद्रिये आत वळविण्याला प्रत्याहार म्हणतात आणि ती साधना मानली आहे. बंद डब्यात, खुर्चीत वा बाकावर बसलेल्या माणसाने तासभर जगाची रजा घेतली तर कुणाचे काही बिघडत नाही. रस्त्यावर मात्र ही रजा मंजूर करण्याचा अधिकार आपला एकट्याचा नसतो. रस्ता एकमेकांच्या भरवशावर चालतो. मागून येणारा घंटी वाजवतो, बैलगाडीवाला हाळी देतो, ट्रकवाला कर्णा वाजवतो, आणि पुढचा ऐकेल हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातील मानवरहित फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि तेरा मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. नागपूर-इटारसीचा हमरस्त्यासारखा वाहता लोहमार्ग ज्यांच्या गावावरून जातो, त्या पांढुर्णेकरांना याहून अधिक सांगायला नको. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या वेळी, जामच्या काठावर कानात बोंडे घालून कुणी उभा राहील काय? त्या दिवशी कानाची किंमत सर्वांना कळते. एरवीचे तीनशे चौसष्ट दिवस दगड दिसत नाहीत, एवढेच.

कानाच्या आरोग्याचा विचार थोडक्यात उरकतो, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ती मुदत चार तासांवर येते. येथे एक पेच आहे. उघडा हेडफोन लावून माणूस बसमध्ये बसला की इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी तो आवाज वाढवीत जातो, आणि कान बिघडतो. बंद हेडफोनात मंद आवाजही पुरतो. म्हणजे जो प्रकार पायी चालताना धोक्याचा, तोच वाहनात बसल्यावर हिताचा. एकाच हेडफोनने सर्व काळ भागवावे या हट्टातच चूक आहे, असे आम्हाला वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहायला घेतले तिच्याकडे येतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला, आणि आपली घरे जेथे होती तेथेच असूनही आपण परप्रांतातील मराठी ठरलो. पण नागपूर आकाशवाणीच्या लहरींना ती सीमा ठाऊक नव्हती. १९४८च्या जुलैमध्ये सुरू झालेले ते केंद्र सौंसरला स्वच्छ लागे आणि पांढुर्ण्यालाही. आमच्या लहानपणी रेडिओ कोनाड्यात असे आणि त्याचे ऐकणारे घरभर असत. आजी भाजी निवडताना ऐके, वडील दाढी करताना ऐकत, शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ऐकत. आम्ही मुले तर ऐकतच नव्हतो. आम्ही गोट्या खेळत होतो. तरीही सकाळचे अभंग, नाट्यपदे, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठीची भाषणे आमच्या कानी पडत गेली. कार्यक्रम वडिलांनी निवडलेला असे. तो मिळे मात्र सर्वांना. आमच्या पिढीचे मराठी शाळेत जितके घडले त्याहून अधिक असे न मागता कानी पडून घडले. बाहेर हिंदी, कचेरीत हिंदी, परीक्षेचा पेपर हिंदी. पण घरातली हवा मराठी होती, कारण ती ऐकू येत होती.

एकत्र ऐकण्याचे मोल आपल्या परंपरेला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या शेजारच्या रिद्धपूरशी ज्याचे नाते आहे तो लीळाचरित्र ग्रंथ म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात ज्यांनी ऐकले-पाहिले त्यांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केला. ऐकणारे अनेक होते म्हणून एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहता आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली आणि महाराष्ट्राला ग्रंथ मिळाला. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापून शेतीविषयक कार्यक्रमांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी मिळून ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे, अशी त्याची रीत होती; ऐकण्याइतकाच नंतरच्या चर्चेचा उपयोग झाला, असे त्या प्रयोगाचे परीक्षण करणाऱ्यांना आढळले. ऐकलेले बोलण्यात उतरले की ते मुरते, हे खेड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

आज परिस्थिती उलटी आहे, आणि ती वरवर पाहता किती तरी सुखाची आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच्या कोणत्याही कोपऱ्यात बसून आज हवे ते मराठी ऐकता येते. जुन्या बैठकी, नाटके, कीर्तने, सबंध कादंबऱ्यांचे वाचन, सारे खिशात. आमच्या लहानपणी याची कल्पनाही नव्हती. आम्ही स्वतः रोज पहाटे फिरताना ऐकतो. पण हे मराठी आमच्या कानात येते आणि तेथेच राहते. सूनबाई त्यांच्या कानातले ऐकत असतात, मुलगा त्याच्या, नात तिच्या. घरात शांतता असते, भांडण नसते, कुणाचा कुणाला त्रास नसतो. या शांततेत नातीच्या कानावर न मागितलेला एकही मराठी शब्द पडत नाही. तिने मराठी निवडले तर ते तिला मिळेल, हे खरे. परंतु जे कधी कानी पडलेच नाही ते ती निवडणार कशावरून? परवा ती आम्हाला म्हणाली, "आबा, 'काहून' हा शब्द कोणत्या पुस्तकात आहे?" आम्ही सांगितले, तो पुस्तकात नाही, तुझ्या पणजीच्या तोंडात होता.

मोठ्या आवाजात गाणी लावून शेजाऱ्यांवर संस्कृती लादावी, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. तो लाउडस्पीकरवाल्यांचा युक्तिवाद आहे आणि त्याचे फळ आपण भोगतो आहोत. घराच्या चार भिंतींत, घराला पुरेल इतक्या आवाजात ऐकणे आणि चौकात कर्णा लावणे यांत जे अंतर आहे ते ज्याचे त्याला कळते. घर ही रस्त्याइतकी सामाईक नसली तरी एकट्याचीही जागा नव्हे. रस्त्यावर आपला आवाज दुसऱ्याला न देणे हे सौजन्य. घरात तो अजिबात न देणे याला काय म्हणावे, यासाठी आम्हाला अजून शब्द सापडलेला नाही. कंजूषपणा हा शब्द फार कठोर होईल.

तेव्हा विचारणाऱ्यांना आम्ही काय सांगतो ते येथे लिहून ठेवतो. पायी फिरण्यासाठी वा सायकलीवर कान मोकळा ठेवणारा प्रकार घ्यावा, किंवा एकाच कानात घालावा. हाक ऐकू येईल इतकाच आवाज असावा. रेल्वेत, बसमध्ये, गर्दीच्या घरात अभ्यासासाठी बोंडाचा किंवा गोंगाट मारणारा खुशाल घ्यावा, मात्र आवाज निम्म्याच्या वर नेऊ नये. दुकानात लावून पाहताना गाण्याची परीक्षा करण्यापूर्वी दुकानदाराला मागून आपले नाव घ्यायला सांगावे. घरात ऐकण्यासाठी हेडफोन घेऊच नये, आठशे-हजार रुपयांत लहान स्पीकर येतो तो कोनाड्यात ठेवावा, असे आमचे मत आहे. रात्री उशिरा वा आजारी माणूस घरात असता अपवाद करावा.

आणखी एक वस्तू सुचवावीशी वाटते. तारेच्या हेडफोनसाठी दोन तोंडांची लहानशी पिन मिळते. एका मोबाइलला तिच्यावर दोन हेडफोन लागतात. तिची किंमत नगण्य आहे. बहुतेक नव्या मोबाइलला जुनी गोल खाच नसते, म्हणून सोबत एक जोडतारही घ्यावी लागते. आमच्याकडे ती महिनाभरापासून आहे. दुपारी, घरातील मंडळी वामकुक्षी घेत असता, तिच्या एका तोंडाशी आम्ही असतो आणि दुसऱ्याशी नात. सध्या एका जुन्या नाटकाचे ध्वनिमुद्रण चालले आहे. ती दर दोन वाक्यांना थांबवून अर्थ विचारते, त्यामुळे पहिला अंक संपायलाच नऊ दिवस लागले.